दिलाशाची खरखर

१

सकाळी चहाचा कप टेबलावर आला की प्लंबर आधी आईची लाईन उघडायचा आणि मग कामाची खिडकी. प्लंबर हे काही त्याचं खरं नाव नव्हे. जगभरातल्या हौशी मंडळींनी मिळून टेलिफोनचं एक सॉफ्टवेअर बनवलं होतं. कोणीही घ्यावं, उघडून बघावं, बिघडलं तर दुरुस्त करून सगळ्यांसाठी परत ठेवावं, असा उघडा मामला. छोटी हॉटेलं, दवाखाने, टॅक्सीवाले, शाळा असे कितीतरी जण आपले फोन त्यावर चालवत. त्यात नवीन काही बांधायचं म्हटलं की सगळे पुढे, आणि तुंबलेली मोरी साफ करायची म्हटली की हा एकटा. म्हणून तिथल्या लोकांनी त्याला प्लंबर म्हणायला सुरुवात केली, आणि वरकरणी कुरकुर केली तरी त्याला ते आवडायचं.

आई दुसऱ्या गावात राहायची, बसने अर्ध्या दिवसाच्या अंतरावर. मागच्या थंडीत ती न्हाणीघरात पडली आणि खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका वर येईपर्यंत तशीच पडून राहिली. तेव्हापासून प्लंबरच्या ताईने धोशा लावला होता, आईला वृद्धाश्रमात ठेवू या. आईने साफ सांगितलं, मला इथून चौघांनीच उचलून न्यायचं. शेवटी प्लंबरने मधला मार्ग काढला. आईच्या खोलीतल्या फळीवर त्याने एक डबा बसवला, त्याला स्पीकर आणि माईक, आणि त्यात आपलंच सॉफ्टवेअर. लाईन दिवसभर चालू राहणार. ती पडली, कण्हली, हाक मारली, तर याला इकडे ऐकू येणार.

"जबाबदारी माझी," तो ताईला म्हणाला होता.

"बघ हं," ताई म्हणाली. "तिचं हृदय आता गोळ्यांवर चाललंय. त्या चुकल्या तर तुझ्या डब्यातून फक्त ऐकू येईल, बाकी काही नाही."

लाईन सुरू झाली की आईची खोली याच्या कानात यायची. चपलांचा फटफट आवाज, नळ, कपाटाचं कुरकुरणारं दार, आणि आईची अखंड टकळी. पाणी आलं नाही, समोरच्या बाईने नवा पडदा लावला, काल स्वप्नात तुझे बाबा आले पण काही बोललेच नाहीत. त्याने काही उत्तर द्यावं अशी तिची अपेक्षा नसे. मधूनमधून "हं" म्हटलं की झालं. तो एका हाताने काम करत हुंकार देत राही, आणि तिची गाडी पुढे सरके.

पंचाईत व्हायची ती मीटिंगच्या वेळी. त्याला म्यूट करावं लागे. म्यूट केलं की लाईनवरून काहीच जात नाही, आणि पलीकडच्या कानाला वाटतं की फोन मेला. तसं वाटू नये म्हणून सॉफ्टवेअर स्वतःच पलीकडे एक हलकी खरखर तयार करतं. धंद्यातले लोक तिला कम्फर्ट नॉइज म्हणतात, आणि या मंडळींनी तिचं नाव ठेवलं होतं दिलासा. पण जुना दिलासा कागद चुरगळल्यासारखा वाजायचा आणि आईचे कान तिखट. म्यूटचं बटण दाबायचा अवकाश, की लगेच, "हॅलो? आहेस ना रे?"

"आहे गं."

पुन्हा म्यूट. पुन्हा, "हॅलो? आहेस ना?"

त्याच्या नाकी नऊ आले. चिडायचा, आणि मग चिडल्याची त्याला लाज वाटायची. शेवटी त्याने त्याच्या पद्धतीने उपाय केला, म्हणजे कोड लिहिला. नवा दिलासा म्यूट होण्याआधी म्यूट करणाऱ्याच्या खोलीचा कानोसा घ्यायचा. पंखा कसा फिरतो, रस्ता किती लांब आहे, भिंतींवरून आवाज कसा परततो, हे सगळं टिपायचा आणि तीच शांतता पलीकडे पुढे चालू ठेवायचा. सगळ्यांचे बदल तपासून आत घेणारी एक कडक बाई होती, तिला सगळे हेडबाई म्हणत. तिलासुद्धा हा बदल आवडला. नव्या आवृत्तीच्या सुधारणांमध्ये प्लंबरने एक ओळ लिहिली: शांतता अधिक नैसर्गिक केली.

२

आईचं "आहेस ना" थांबलं. अगदी त्याच दिवसापासून.

प्लंबरने हुश्श केलं. मीटिंगा सुरळीत व्हायला लागल्या. आधी तासाभरासाठी असलेलं म्यूट सबंध सकाळभर राहू लागलं, मग तो बाजारात जाताना, झोप काढताना, जेवतानाही. लाईन तर चालू होतीच. पलीकडून येणारा आवाज त्याने अगदी बारीक करून ठेवला होता, आपटल्याचा आवाज झाला तर कळेल एवढाच.

"आईंशी बोललास आज?" बायकोने जेवताना विचारलं.

"हं."

"हे तुझं हं मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "याचा अर्थ तू ऐकलंच नाहीस. मी उद्या म्हटलं की घर विकू या, तरी हं म्हणशील."

तो हसला. बायकोची जीभ तशी तिखटच होती.

त्याच सुमारास एका टॅक्सीच्या ऑफिसातून तक्रार आली. फोन घेणाऱ्या मुलीने लिहिलं होतं की ती म्यूट करून डबा खात होती, आणि गिऱ्हाईक म्हणतं, तुम्ही हो म्हणालात म्हणून मी टॅक्सीची वाट बघत थांबलो. प्लंबरने तिला सभ्यपणे विचारलं, हे पुन्हा घडवून दाखवता येईल का? उत्तर आलं नाही. त्याने तक्रार बंद करून टाकली. अशा तक्रारी रोज येतात. माणसं म्यूटचं बटण दाबायला विसरतात आणि खापर सॉफ्टवेअरवर फोडतात.

मग एके दिवशी सकाळी आई म्हणाली, "काल दुपारी किती निवांत ऐकलंस रे. बरं वाटलं."

काल दुपारी तो दाताच्या डॉक्टरकडे खुर्चीत पडला होता, तोंडात कापसाचे बोळे. घरी टेबलावर लाईन चालू होती आणि खोलीला कुलूप होतं.

"काय सांगत होतीस गं?"

"तेच, माझ्या भावाचं. शेवटच्या दिवशी मी त्याला भेटायला गेले नाही ते. कोणाला सांगितलं नव्हतं इतकी वर्षं. तू मध्ये एकदासुद्धा तोडलं नाहीस. फक्त हं, हं. तुझे बाबा ऐकायचे तसं."

म्हातारपण, एकटेपण, पंख्याची घरघर, यातून माणसाला काय वाटेल ते ऐकू येतं, असं त्याने स्वतःला समजावलं. आणि समजावून झाल्यावर त्याला एक साधी, स्वच्छ गोष्ट करता आली असती. आई, तो मी नव्हतो, एवढं म्हणायचं. पण तिचा आवाज इतका हलका झाला होता, इतक्या वर्षांनी कोणीतरी तिचं ऐकून घेतलं होतं, आणि ते श्रेय आयतं त्याच्या पदरात पडत होतं.

"हं," तो म्हणाला.

३

हेडबाईंचा फोन आला तेव्हा तो खिडकीशी उभा होता. हेडबाई कधी फोन करत नसत. जे काय सुनवायचं ते लिहून सुनवत.

"तुमचा दिलासा तपासतेय," त्या म्हणाल्या. "त्यात आवाज साठवण्याची सोय आहे का?"

"नाही हो. मूठभर आकडे जातात फक्त. खोली कशी गुणगुणते तेवढंच. त्यात माणसाचा आवाज मावूच शकत नाही."

"मलाही तेच वाटलं. कोड मी दोनदा वाचलाय. मावू शकत नाही." मग त्यांनी पुढे सांगितलं. "मी दोन खोल्यांत दोन फोन ठेवले. ऑफिसात दुसरं कोणी नव्हतं. एका फोनवर आधी थोडं बोलले, तो म्यूट केला, आणि दुसऱ्या खोलीत जाऊन ऐकत बसले."

"मग?"

"पाढे म्हटले, काही नाही. बातम्या वाचल्या, काही नाही. मग कंटाळून नुसतीच म्हणाले की फार थकायला झालंय आताशा. तेव्हा आला."

"काय आला?"

"हुंकार. माझाच. मी समोरच्याला हं म्हणते ना, तसाच."

प्लंबरला हसावंसं वाटलं, पण हसू ओठापर्यंत आलं नाही. "रेकॉर्डिंग आहे?"

"आहे. त्यात नाही. त्यात फक्त खोलीची गुणगुण आहे, तुम्ही बनवली तशीच. आणि मी थकल्याचं म्हणते ते आहे. त्यानंतर मी दचकून खुर्ची मागे ढकलल्याचा आवाज आहे." त्यांचा कडक आवाज आता कडक राहिला नव्हता. "मी सव्वीस वर्षं फोनच्या लाईनी तपासतेय, प्लंबर. लाईनवर माणूस आहे की नाही हे मला कळतं. त्या लाईनवर कोणीतरी होतं, आणि ते नीट ऐकत होतं. पाढ्यांना उत्तर द्यायचं नसतं हे त्याला ठाऊक होतं."

प्लंबरचं डोकं अजून भांडत होतं. दोन फोन जवळ असतील, घुमला असेल आवाज, बाई दमल्या असतील.

"मी तो बदल आजच काढतेय," हेडबाई म्हणाल्या. "नवी आवृत्ती संध्याकाळी जाईल. तुमच्याकडे जिथे कुठे बसवला असेल तिथून काढा."

"काढतो," तो म्हणाला.

आईच्या डब्यावर जुनी आवृत्ती चढवायला त्याला दोन आज्ञा लिहायच्या होत्या. पण ती चढवली की पुन्हा कागद चुरगळणार, पुन्हा "आहेस ना रे" सुरू होणार, आणि या आठवड्यात त्याची मोठी मीटिंग होती. ती उरकली की काढू, असं त्याने ठरवलं. स्पीकरमधून पलीकडे आईचं कपाट कुरकुरलं, ती काहीतरी पुटपुटली, मग थांबली. जितका वेळ समोरचा हं म्हणायला घेतो तितकाच वेळ थांबली, आणि पुढे बोलू लागली.

त्याने आवाज आणखी बारीक केला.

४

शिंपीकाकांचा फोन मीटिंगच्या मधोमध आला. त्याने दोनदा कापला. तिसऱ्यांदा घेतला.

"तुमच्या आई दार उघडत नाहीत," शिंपीकाका म्हणाले. "दूध बाहेरच ठेवायला सांगतात. आणि एक विचारायचं होतं, राग मानू नका. गोळ्या तुम्ही बंद करायला सांगितल्यात का?"

"कोणत्या गोळ्या?"

"सगळ्याच. मी नेहमीचं पाकीट आणून दिलं, तर आतूनच म्हणाल्या, परत करा, मुलाने नको म्हटलंय. पायावर सूज आहे त्यांच्या. मी मागच्या आठवड्यात पाहिली. चालताना धाप लागते."

मीटिंगमधली माणसं पडद्यावर तोंडं हलवत होती. त्याने ती खिडकीच बंद केली, आईच्या लाईनचं म्यूट काढलं आणि आवाज मोठा केला.

"आई. आई, ऐकतेयस?"

"हो रे. ओरडतोस कशाला?"

"गोळ्या का बंद केल्यास?"

"तूच नाही का म्हणालास? मी म्हटलं, या गोळ्यांनी गरगरतं, सोडून देऊ का? तू हं म्हणालास. मी पुन्हा विचारलं, अगदी सोडू? तरी हं म्हणालास."

"मी नाही म्हणालो, आई. तो मी नव्हे. आत्ताच्या आत्ता गोळी घे. काकांना दार उघड, ते वर येतायत. ऐक माझं, तो डबा बिघडलाय. मी कामात असताना तो खोटंच..."

तो बोलत सुटला. किती दिवसांत तो तिच्याशी सलग इतकं बोलला नव्हता. सगळं एकदम सांगायचं होतं, म्यूट, दिलासा, दाताचा डॉक्टर, आणि त्यात माफीही मागायची होती.

पलीकडे आईच्या चपला थांबल्या.

"कोण बोलतंय?" तिने विचारलं.

"आई, मी."

"माझा मुलगा इतकं बोलत नाही," आई म्हणाली. ती रागावली नव्हती, चुकीचा नंबर लागल्यावर माणूस बोलतं तसं तिने ते नीट सांगितलं. "तो कामात असतो."

मग चपलांचा आवाज आला, आणि लाईन बंद झाली. डब्याचं बटण तिने आजवर कधी दाबलं नव्हतं. त्याला वाटायचं, तिला ते माहीतही नसेल.

त्याने त्या दोन आज्ञा लिहिल्या. डबा सापडेना. लाईनच नव्हती. त्याने शिंपीकाकांना पुन्हा फोन लावला आणि वर जाऊन दाराला कान लावायला सांगितलं. काका जिना चढताना धापा टाकत होते. मग ते कुजबुजले.

"बोलतायत की त्या. छान गप्पा चालल्यात. तुमच्याशीच ना?"

५

बस पोचली तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. वाटेत त्याने ताईला फोन केला होता. तीही निघाली होती, पण तिला उशीर लागणार होता.

शिंपीकाका दुकानाच्या पायरीवर बसून हातानेच बटणं लावत होते. "सकाळी तुमचा फोन झाला आणि वीज गेली, ती अजून नाही," ते म्हणाले. "मशीन बंद आहे. सबंध गल्लीत नाही." त्यांनी सुई कपड्यात खोचली आणि त्याच्या मागोमाग जिना चढू लागले. अर्ध्या जिन्यात प्लंबरला त्या वाक्याचा अर्थ लागला आणि उरलेल्या पायऱ्या तो दोन-दोन करत चढला. आईच्या डब्याला बॅटरी नव्हती. तो त्यानेच बसवला होता.

आईचं दार आतून लावलेलं होतं. त्याने कान टेकवला. वीज नव्हती, म्हणजे आतला पंखा बंदच असणार, पण पंख्याची गुणगुण ऐकू येत होती. आईचा पंखा खडखडायचा. ही गुणगुण त्याच्या स्वतःच्या खोलीतल्या पंख्याची होती, शेवटी किंचित अडखळणारी. तिच्यामागे त्याच्या खिडकीबाहेरचा रस्ताही होता, लांबून जाणाऱ्या गाड्यांचा. त्याची शांतता, त्याने टिपायला शिकवली होती तशीच हुबेहूब.

आणि आई बोलत होती. आवाज अगदी क्षीण झाला होता, प्रत्येक दोन शब्दांमागे श्वास घ्यावा लागत होता.

"...तर मग मी म्हटलं... आपलं कोणी आहे... हेच पुष्कळ..."

"हं."

प्लंबरने कान दारापासून मागे घेतला. तो आवाज त्याने आयुष्यभर आतून ऐकला होता, बाहेरून आज पहिल्यांदा ऐकत होता. त्यात दुष्टपणा नव्हता. घाईही नव्हती. तो त्याच्यापेक्षा प्रेमळ होता.

त्याने दार बडवलं. "आई. मी आलोय. दार उघड."

आतलं बोलणं थांबलं.

"आई, मी आहे. खरंच मी. बसने आलोय. काका आहेत माझ्याबरोबर, विचार त्यांना."

"काकू, तुमचे चिरंजीवच आहेत," शिंपीकाका म्हणाले. "माझ्या डोळ्यांसमोर उभे आहेत."

खुर्ची सरकली. चपला फटफटत, थांबत, पुन्हा फटफटत जवळ आल्या. दाराच्या पलीकडे तिचा श्वास ऐकू येत होता, ओला आणि आखूड. आता दोन बोटांची फळी तेवढी मध्ये होती. एकदा ती समोर दिसली की तिला उचलून खाली न्यायचं, रिक्षात घालायचं, दवाखाना गाठायचा. काकांकडच्या पाकिटातली गोळी त्याच्या मुठीत होती, घामाने ओली झालेली.

"उघड गं," तो म्हणाला. "मी ऐकेन तुझं सगळं. मामाचं पुन्हा सांग. मी बसून ऐकेन."

कडी हलली. गंजलेली होती, नेहमीसारखी अर्ध्यात अडकली. आईने जोर लावला असावा, कारण तिला धाप लागली. मग तिने तोंड दारापासून वळवलं. तिचा आवाज खोलीच्या आत गेला.

"बाळा," तिने विचारलं, "बाहेर कोणीतरी आहे. अगदी तुझ्यासारखा बोलतो. उघडू का?"

पंख्याची गुणगुण एकदा अडखळली. आत कोणीतरी घसा साफ केला, कामातून मान वर करताना तो स्वतः करायचा तसा.

"अंहं."

शिंपीकाका एक पायरी मागे सरले. ते प्लंबरच्या तोंडाकडे बघत होते. "आत्ता," त्यांनी हळूच विचारलं, "तुम्ही बोललात का?"

"बरं," आई आत म्हणाली, आणि अर्धी सरकलेली कडी परत जागेवर बसली.